कळ थांबली, पण खडा?

मुतखड्याची कळ उठलेला माणूस एका जागी पडून राहत नाही. अपेंडिक्सला सूज आलेला रुग्ण हालले की दुखते म्हणून पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो. मुतखड्याच्या रुग्णाचे उलटे असते. तो उठतो, बसतो, या कुशीवरून त्या कुशीवर वळतो, खाटेच्या कडेला गुडघे टेकतो, मध्येच ओकतो. अनुभवी परिचारिका केसपेपर न पाहता दारातूनच आजार ओळखतात. आणि नेमक्या याच माणसाला एक्स-रेच्या टेबलावर सरळ झोपवून ‘श्वास रोखा, हलू नका’ असे सांगायचे असते.

फोटोत हालचाल आली की चार-पाच मिलिमीटरचा खडा बरगडीच्या सावलीत किंवा आतड्यातल्या वायूत सहज हरवतो. सोनोग्राफीतही अडचण तीच. डॉक्टरांना प्रोब दुखऱ्या कुशीवरच टेकवायचा असतो आणि रुग्णाने खोल श्वास घेऊन धरायचा असतो, म्हणजे मूत्रपिंड बरगड्यांखालून सरकून नीट दिसते. कळ चालू असताना यातले काहीच धड होत नाही. तेव्हा चित्र घेण्याआधी वेदना कमी करणे हा तपासणीचाच भाग ठरतो. त्यातूनच एक प्रश्न पुढे येतो. वेदनाशामक इंजेक्शनच्या जोडीला, किंवा ते देता येत नसेल तेव्हा, ॲक्युपंक्चरच्या सुया या कामी येतील का?

गुडघे, कंबर, मान यांच्या दुखण्यासाठी ॲक्युपंक्चर आता जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतही अनोळखी राहिलेले नाही. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. मराठी माणसाच्या मनात तिचे नाते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांशी जोडलेले आहे, कारण त्यांच्या नावाने देशात ॲक्युपंक्चरची केंद्रे चालतात. प्रत्यक्षात कोटणीस शल्यविशारद होते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बी. के. बसूंनी. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते ती शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली.

अमेरिकेत या पद्धतीचा गाजावाजा झाला तो १९७१ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांचे अपेंडिक्स बीजिंगमध्ये काढावे लागले आणि त्यांनी त्यावर लेख लिहिला. रेस्टन यांचे ऑपरेशन फक्त सुया टोचून झाले, अशी गोष्ट आजही सांगितली जाते. ती खरी नाही. ऑपरेशन नेहमीच्या भुलेच्या इंजेक्शनवरच झाले होते. नंतर पोटात वायू धरून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा सुया वापरल्या गेल्या आणि आराम पडला, असे त्यांनी लिहिले. ॲक्युपंक्चरबद्दलच्या बऱ्याच कथा अशाच वाढलेल्या आहेत. मूळ गोष्ट लहान आणि खरी असते, मोठी होते ती सांगताना.

सुईने वेदना कमी का वाटते, याचे थोडे उत्तर १९७० च्या दशकातल्या प्रयोगांनी दिले. सुई टोचून फिरवली किंवा तिच्यातून सौम्य वीजप्रवाह सोडला की मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत संदेश जातो आणि शरीर स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये तयार करते. अफूचा परिणाम उलटवणारे नॅलोक्झोन हे औषध दिले तर काही प्रयोगांत सुईचा परिणामही कमी झाला. म्हणजे त्यामागे शरीरातली एक ओळखीची यंत्रणा आहे. त्याच वेळी, खऱ्या सुईऐवजी न टोचणारी खोटी सुई लावली तरी काही लोकांना बरे वाटते, हेही तितकेच खरे. म्हणून या पद्धतीचा प्रत्येक दावा खोट्या सुईच्या तुलनेत तपासावा लागतो.

मुतखड्याच्या कळेबाबत अशी एक नेटकी चाचणी उपलब्ध आहे. बीजिंगमधील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ती झाली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मुतखड्याची तीव्र कळ असलेले ८० रुग्ण दोन गटांत विभागले गेले. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन सगळ्यांनाच दिले. त्याशिवाय एका गटाला खऱ्या सुया लावल्या आणि दुसऱ्याला खोट्या. दहा मिनिटांनी पाहिले तेव्हा खऱ्या सुयांच्या ४० पैकी ३१ जणांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली होती. दुसऱ्या गटात असे फक्त चार जण होते. पाऊण तासापर्यंत हा फरक टिकला. एका तासाने मात्र दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले, कारण तोवर इंजेक्शनने आपले काम केलेले होते.

एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या दृष्टीने यातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. त्या चाचणीत सुया हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूवर टोचल्या होत्या. कंबर आणि पोट मोकळे राहिले. सुई पोलादी असते. ती पाठीत किंवा पोटावर असेल तर एक्स-रेत तिची पांढरी रेघ उमटते आणि नेमक्या खड्यावर पडली तर वाचणाऱ्याची पंचाईत होते. एमआरआयच्या खोलीत तर सुई अंगात घेऊन जाता येतच नाही.

तर सुईच्या बाजूने बोलण्यासारखे इतके आहे. इंजेक्शनचा अंमल चढेपर्यंतची पहिली पंधरा-वीस मिनिटे तिच्यामुळे सुसह्य होऊ शकतात आणि तेवढ्यात सोनोग्राफी उरकता येते. एकाच शहरातली ८० माणसांची चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पण दिशा चांगली आहे. जिथे डायक्लोफेनॅकसारखी औषधे द्यायला डॉक्टर कचरतात तिथे या पर्यायाचा विचार जास्त करण्याजोगा आहे. क्रिएटिनिन वाढलेला रुग्ण, अंगातले पाणी आटलेला शेतमजूर, पाचवा महिना उलटलेली गरोदर बाई, यांच्या मूत्रपिंडावर किंवा पोटातल्या बाळावर या औषधांचा वाईट परिणाम होऊ शकतो. गरोदरपणात सुयांचे काही बिंदूही टाळायचे असतात, त्यामुळे तिथे शिकलेला हात हवा. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरून टाकायची हवी, हे तर सांगायलाही नको.

यापुढचे दावे मात्र तपासून घ्यावे लागतात.

पूर्वी मूत्रमार्गाची मुख्य तपासणी म्हणजे आयव्हीपी. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मोझेस स्विक या तरुण अमेरिकी डॉक्टरने १९२९ मध्ये, मूत्ररोगतज्ज्ञ फॉन लिश्टेनबर्ग यांच्या विभागात, शिरेतून देता येईल असे आयोडीनयुक्त औषध वापरून पाहिले आणि मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतचा सगळा मार्ग प्रथमच एक्स-रेवर नीट उमटला. औषध शिरेतून दिल्यावर ठराविक मिनिटांनी फोटो काढत जायचे. अडचण अशी की मूत्रवाहिनी ही निवांत पडलेली नळी नाही. ती लाटेसारखी आकुंचन पावत लघवी खाली ढकलत राहते. औषध वरच्या भागात थांबावे म्हणून ओटीपोटावर पट्टा आवळत. तो रुग्णाला नकोसा होई, आणि ज्याला आधीच अडथळा आहे, ज्याचे पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे किंवा जी बाई गरोदर आहे तिला तो लावताही येत नसे. पट्ट्याऐवजी सुई टोचून मूत्रवाहिनीची हालचाल मंद किंवा जलद करता आली तर चित्र अधिक चांगले मिळेल, अशी कल्पना यातूनच निघते. कल्पना सुंदर आहे. पण काळ तिच्या पुढे निघून गेला. आता खड्यासाठी पट्टाही लागत नाही आणि बहुतेक वेळा ते औषधही लागत नाही. साध्या सीटी स्कॅनमध्ये काही सेकंदांत खडा, त्याची जागा आणि त्याचा आकार दिसतो. मूत्रमार्गाच्या चित्राची पूर्वतयारी म्हणून ॲक्युपंक्चर करा, असे मूत्ररोगतज्ज्ञांच्या युरोप-अमेरिकेतल्या प्रमुख मार्गदर्शक सूचनांत कुठेही सांगितलेले नाही.

वायूचेही तसेच. पोटात वायू असेल तर एक्स-रे आणि सोनोग्राफी दोन्ही बिघडतात, म्हणून आदल्या रात्री हलके जेवायला आणि पोट साफ व्हायचे औषध घ्यायला सांगतात. बद्धकोष्ठावर विजेच्या सुयांचा उपयोग होतो, असे चीनमध्ये १०७५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. त्या चाचणीत आठ आठवड्यांत २८ वेळा सुया टोचल्या होत्या. उद्या सकाळच्या एक्स-रेसाठी त्याचा काय उपयोग? तिथे रात्रीची रेचकाची गोळीच बरी.

एक उलटी गोष्टही सांगण्यासारखी आहे. जपानमध्ये पूर्वी सुई टोचून तिचे टोक कापून कायमचे आत ठेवण्याची रीत होती. वर्षांनंतर अशा माणसांचा एक्स-रे काढला की कमरेभोवती बारीक बारीक रेघांची रांगोळी दिसते. यातले काही तुकडे सरकत मूत्रपिंडात किंवा मूत्राशयात पोहोचले आणि त्यांच्याभोवती क्षार जमून खडे झाले, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आज ॲक्युपंक्चर करणारे चांगले चिकित्सक टोचलेल्या आणि काढलेल्या सुया मोजतात, ते याचसाठी.

हे सगळे खरे असले तरी बीड जिल्ह्यासाठी कळीचा मुद्दा वेगळाच आहे. सुई असो, इंजेक्शन असो, कुळथाचे कढण असो की पानफुटीचे पान, कळ थांबली की माणूस म्हणतो, ‘खडा पडला.’ आणि तपासणी राहून जाते.

कळ थांबण्याची कारणे अनेक आहेत. खडा खरोखर मूत्राशयात उतरला आणि लघवीवाटे पडला, हे त्यातले एक. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे असेच पडतात, आणि तेवढे दिवस जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळते. पण खडा जागचा न हलताही कळ थांबते. तो किंचित फिरतो आणि बाजूने लघवीला वाट मिळते. किंवा वाट पूर्ण बंद होते, आणि एक-दोन दिवसांनी त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होऊन लघवी तयार होण्याचे प्रमाणच घटते. आतला दाब उतरतो. कळ मुळात त्या दाबाची असते, म्हणून तीही उतरते. मूत्रपिंड मात्र फुगत जाते आणि त्याचा गर पातळ होत जातो. दुसरे मूत्रपिंड सगळे काम अंगावर घेते, त्यामुळे लघवी नेहमीसारखी होते, रक्ताच्या तपासणीतही फारसे काही दिसत नाही. पुढे कधीतरी भलत्याच कारणाने सोनोग्राफी होते आणि अहवालात लिहून येते की एक मूत्रपिंड निकामी आहे.

वाट पूर्ण बंद असेल तर मूत्रपिंडाला काही आठवड्यांचाच अवधी असतो. त्यानंतर खडा काढला तरी गेलेली ताकद पुरती परत येत नाही. आता हे बीडच्या दिनदर्शिकेवर ठेवून पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी टोळीने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि परततात ती गुढीपाडव्याच्या आसपास. निघायच्या आठवड्यात कळ आली, इंजेक्शनने थांबली आणि ‘आल्यावर बघू’ म्हटले, तर ते बघणे चार-पाच महिन्यांनी होते. मूत्रपिंडाकडे तेवढा वेळ नसतो. फडातही कळ उठली की जवळच्या दवाखान्यात एक सुई टोचून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोयता हातात. खाडा पडला तर पैसे कापले जातात, मग एक्स-रेसाठी तालुक्याला जाणार कोण?

त्यात पाण्याचा प्रश्न. आपल्याकडे मुतखडा म्हटले की एप्रिल-मेचा उन्हाळा आठवतो, ‘उन्हाळी लागली’ असा शब्दच त्यासाठी आहे. ऊसतोड थंडीत चालते, तरी खडा व्हायला लागणारी परिस्थिती तिथे जमून येते. पहाटेपासून अंगमेहनत, मोळ्या वाहणे, आणि पाणी मोजून. बायकांचे तर पाणी पिणेच बेताचे, कारण फडात आडोसा नसतो. सकाळी अंधारात एकदा आणि रात्री अंधार पडल्यावर एकदा. दिवसभर लघवी धरून ठेवायची सवय होते. लघवी घट्ट होते, साठून राहते, जंतुसंसर्ग होतो. ओटीपोट दुखते, कंबर भरून येते, जळजळ होते.

हेच दुखणे घेऊन ती बाई दवाखान्यात जाते तेव्हा चित्र कोणत्या अवयवाचे घेतले जाते आणि कसे घेतले जाते, याला फार महत्त्व येते. मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला अडकलेल्या खड्याची वेदना ओटीपोटात आणि जांघेत येते. गर्भाशयाचे दुखणेही तिथेच जाणवते. दोन्हींतला फरक करायला लघवीची साधी तपासणी आणि मूत्राशय भरलेले असताना केलेली सोनोग्राफी लागते. भरलेले मूत्राशय हे सोनोग्राफीची खिडकी असते. त्यातून मूत्रवाहिनीचे शेवटचे टोकही दिसते आणि गर्भाशयही. मूत्राशय रिकामे असेल तर खालचा खडा दिसत नाही आणि अहवालात मूत्रमार्ग ‘नॉर्मल’ ठरतो. म्हणून तपासणीआधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन तासभर लघवीला न जाता थांबायला सांगतात. हे पाणी रुग्णाला कंटाळवाणे वाटते, गर्दीच्या दिवशी तपासणाऱ्यालाही वाटते. पण चित्र चांगले येण्यासाठी एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. कळ जोरात असताना किंवा उलट्या होत असताना मात्र पाण्याचा आग्रह धरू नये. आधी वेदना उतरू द्यावी.

लघवी करून आल्यावर पुन्हा एकदा प्रोब ठेवायचा असतो, तोही अनेकदा राहून जातो. मूत्राशयात किती लघवी शिल्लक राहिली ते त्यातून कळते. वर्षानुवर्षे लघवी धरून ठेवलेल्या बाईला ‘झाली’ असे वाटते, आणि पडद्यावर बरीच शिल्लक दिसते. वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाचे कारण तिथे सापडू शकते. सुयांबद्दल सांगायचे तर, खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याच्या तक्रारीवर विजेच्या सुयांची ५०४ स्त्रियांवर झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांच्या उपचाराने लघवी सुटण्याचे प्रमाण खोट्या सुयांच्या तुलनेत कमी झाले. ही चांगली बातमी आहे, पण तो उपचार आहे. निदान त्याच्या आधीच व्हायला हवे.

निदान चुकले तर काय होते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले, तेव्हा सरकारी सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार स्त्रियांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. प्रत्येकीचे कारण निराळे असणार, आणि काहींना ती शस्त्रक्रिया खरोखर गरजेची होती. तरीही ‘पिशवीला सूज आहे’ असे ऐकून आलेल्या ज्या बाईची लघवी तपासलेली नाही आणि जिच्या सोनोग्राफीत मूत्रमार्गाचा उल्लेखच नाही, तिच्या ऑपरेशनचा निर्णय अर्ध्या चित्रावर होतो. दुखणे मूत्रमार्गाचे असेल तर पिशवी काढूनही ते तसेच राहते. शिवाय मूत्रवाहिनी गर्भाशयाला अगदी खेटून जाते, त्या शस्त्रक्रियेत तिला इजा होण्याचा धोका ठाऊक असलेला आहे.

सोनोग्राफी हा शब्द बीडमध्ये निर्मळ राहिलेला नाही, हेही विसरता येत नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातले सहा वर्षांखालील मुला-मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे ८०७ मुली इतके खाली गेले होते आणि पुढच्याच वर्षी परळीचे प्रकरण देशभर गाजले. त्यानंतर कायद्याची अंमलबजावणी कडक झाली, ती व्हायलाच हवी होती. नोंदणी केलेल्या जागेबाहेर हलके सोनोग्राफी यंत्र वाटेल तसे फिरवता येत नाही. त्यामुळे यंत्र खोपीपर्यंत नेणे सोपे नाही, माणसालाच यंत्रापर्यंत यावे लागते. गरोदर बाईच्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी असली तरी तिचा एफ फॉर्म भरावाच लागतो. नातेवाइकांनी त्याचा राग मानू नये.

तपासणी कोणती करावी, याचे उत्तर बहुतेक वेळा ‘आधी सोनोग्राफी’ असेच आहे. सीटीमध्ये खडा अधिक खात्रीने दिसतो यात वाद नाही. अमेरिकेतील १५ रुग्णालयांत २७५९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र, सुरुवात सोनोग्राफीने केली म्हणून गंभीर आजार जास्त निसटले असे दिसले नाही, आणि किरणोत्सर्ग कमी झाला. सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेले दिसले आणि खडा सापडला नाही तर सीटी. साध्या एक्स-रेत युरिक ॲसिडचे खडे दिसत नाहीत, तेव्हा ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर थांबू नये. यातले बरेच काही अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. आष्टी किंवा पाटोद्याहून तिथवर येण्यात दिवस जातो, हे मान्य. म्हणूनच एका फेरीत काम व्हावे यासाठी उपाशीपोटी यावे, सोबत पाणी आणावे आणि आधीचे कागद आणावेत.

एका परिस्थितीत मात्र सुया, कढण, थांबून पाहणे, सगळे बाजूला ठेवायचे. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा मूत्रपिंड मुळात एकच आहे आणि कळ आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. अडलेल्या मूत्रपिंडात पू झाला तर काही तासांत जिवावर बेतते. तिथे नळी घालून वाट मोकळी करावी लागते, आणि नळी कुठे घालायची ते चित्राशिवाय ठरत नाही.

बाकीच्यांनी कळ थांबल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत, दुखत नसले तरी, पुन्हा एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. टोळीबरोबर निघणाऱ्यांनी निघण्याआधी. खडा चाळणीत सापडला, हातात आला, तर तो डबीत घालून डॉक्टरांना दाखवावा, त्याची तपासणी करता येते. तो सापडला नसेल तर फक्त चित्रच सांगू शकते की मूत्रपिंडाची सूज उतरली की नाही. आणि सोनोग्राफीचा अहवाल व एक्स-रेची फिल्म रेशनकार्डाबरोबर पेटीत ठेवून सोबत न्यावी. फिल्म घडी न घालता, ऊन आणि पाणी लागणार नाही अशी. कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या दवाखान्यात पुन्हा कळ घेऊन जायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना आधी हेच पाहायचे असते: खडा उजवीकडचा की डावीकडचा, किती मिलिमीटरचा, आणि मागच्या तारखेला तो नेमका कुठे होता.